नाकी-डोळी नीटस, पण कुणाच्या मापानं?

वाद पेटला तो एका कोरियन मालिकेवरून. सतरा वर्षांची भाची मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवत होती. पडद्यावरच्या नटीकडे बघत ती सहज म्हणाली, "हिनं पापण्या करून घेतल्यात." म्हणजे शस्त्रक्रिया करून सपाट पापणीवर घडी पाडून घेतलीय. माझी बहीण पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "गोऱ्यांसारखं दिसायची हौस, दुसरं काय!" भाचीनं मान वर न करता उत्तर दिलं, "आई, तिचे डोळे, तिची मर्जी." दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटलं आणि विषय आमटीकडे वळला.

हीच दोन वाक्यं मी गेल्या काही वर्षांत जाड शब्दांचे अंगरखे घालून फिरताना पाहिली आहेत. एका बाजूला वसाहतवाद, वंशवाद, आत्मद्वेष. दुसऱ्या बाजूला निवड, स्वातंत्र्य, माझं शरीर. अंगरखे काढले की आत माझी बहीण आणि भाचीच उभ्या असतात. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या जागी खणतायत. त्या बाईच्या मनात डोकावून तिनं हे 'का' केलं, याचा निवाडा त्यांना करायचा आहे. तो होणार नाही, आणि झाला तरी त्याचा उपयोग नाही. विचारायला हवं ते निराळंच. न केल्याची किंमत किती, ती कोण ठरवतं आणि कोण वसूल करतं?

आधी ही शस्त्रक्रिया नेमकं करते काय, ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नसतं. वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो. काहींमध्ये त्याच्या पडद्यासारख्या टोकाचे बारीक धागे पापणीच्या कातडीला आतून धरून असतात. डोळा उघडला की तेवढी कातडी आत ओढली जाते आणि पापणीवर घडी पडते. साडीच्या निऱ्या जिथं खोचल्या तिथूनच पडतात, तसंच हे. पूर्व आशियातल्या साधारण निम्म्या लोकांमध्ये ही पकड नसते किंवा फार खाली असते आणि चरबीची उशीही जरा खालपर्यंत उतरलेली असते, म्हणून पापणी सपाट, एकसंध दिसते. शल्यचिकित्सक ही पकड नव्यानं तयार करतो. कधी कातडीत दोन-तीन ठिकाणी बारीक टाके पुरून, कधी चीर देऊन थोडी कातडी-चरबी काढून. घडी पापणीच्या कडेपासून किती वर असावी, हा सगळा सहा-आठ मिलिमीटरच्या आतबाहेरचा खेळ. बुबुळ तेवढंच राहतं, आणि स्नायूला हात लावला नसेल तर डोळ्याची फटही जवळपास तेवढीच राहते. पण घडीखालची पट्टी उघडी पडते, तिच्यावर उजेड खेळतो, कातडीखाली दबलेले पापणीचे केस वर वळतात आणि बघणाऱ्याला डोळा मोठा, जागा, टवटवीत वाटतो. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच, की बदल होतो मिलिमीटरचा आणि तेवढ्यावरून आपण माणसाचा स्वभाव वाचतो. थकलेली, कंटाळलेली, आतल्या गाठीची, मनमोकळी, अशी सगळी विशेषणं त्या एका घडीवर टांगलेली असतात.

आता बहिणीच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते, आणि ते थोडं नाही. कोरियन युद्धानंतर, १९५४ मध्ये, राल्फ मिलार्ड नावाचा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मरीन दलाबरोबर कोरियात पोचला. काम होतं युद्धात भाजलेल्या, छिन्नविच्छिन्न झालेल्या लोकांचे चेहरे पुन्हा उभे करण्याचं. पण त्यानं पापण्यांवरही हात चालवला आणि १९५५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिलं. पापणीचा त्याचा पहिला रुग्ण होता एक कोरियन दुभाषा. त्या दुभाष्याची तक्रार अशी, की माझ्या बारीक डोळ्यांमुळे मी काय विचार करतोय ते अमेरिकनांना कळत नाही आणि म्हणून ते माझ्यावर भरवसा ठेवत नाहीत. परक्या फौजेच्या छावणीत पोट भरणारा माणूस त्याच फौजेच्या डॉक्टरकडे 'मला गोल डोळे द्या' म्हणत जातो, याला आणखी कुठला पुरावा हवा? आणि हे जुनंपुराणंही नाही. अमेरिकेतली वार्ताहर ज्युली चेन हिनं २०१३ मध्ये टीव्हीवर सांगून टाकलं, की पंचविशीत, ओहायोतल्या डेटनच्या वाहिनीत काम करताना, वृत्तनिवेदक व्हायची इच्छा तिनं वरिष्ठांकडे बोलून दाखवली. उत्तर मिळालं की तू चिनी आहेस आणि कॅमेऱ्यावर तुझे डोळे जड, कंटाळलेले दिसतात. पुढं एका एजंटनंही तेच सुनावलं. घरात यावरून वाद झाले. तिनं शस्त्रक्रिया केली आणि नंतर कामं मिळत गेली, हेही तिनंच सांगितलं. मग वंशाचा यात संबंध नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पण 'यांना गोरं व्हायचंय' हे वाक्य इथून पुढं लंगडायला लागतं. घडीची पापणी ही काही युरोपातून आयात केलेली वस्तू नाही. सोलमध्ये एकाच घरात एका बहिणीला ती जन्मतः असते आणि दुसरीला नसते. कोरियन भाषेत तिला 'सांगकोपुल' हा घरगुती शब्द आहे. जपानीत 'फुताए' म्हणजे दुपदरी आणि 'हितोए' म्हणजे एकपदरी. या शस्त्रक्रियेची पहिली लेखी नोंद जपानमधल्या मिकामो या डॉक्टरची, १८९६ सालची, म्हणजे अमेरिकी फौजा जपानात उतरायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीची. त्यानं वर्णन केलेली स्त्री कुणा मडमेसारखी दिसायला आली नव्हती. तिच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. रेशमी टाके घालून मिकामोनं दुसरा डोळा पहिल्यासारखा केला. नमुना तिचाच दुसरा डोळा होता!

यावर कुणी म्हणेल की मेजी काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, जपान पाश्चात्त्यांकडे डोळे लावूनच बसला होता, तिथं 'शुद्ध जपानी' आवड कुठली शोधताय? बरोबर आहे. कोरियातल्या शिन युन-बोकच्या चित्रातली सुंदरी बघा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावरची ती स्त्री बारीक, सपाट पापण्यांची आहे आणि तेव्हा तेच सौंदर्याचं माप होतं. माप बदललं, आणि बदलताना पश्चिमेचा हात त्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माप कुठून आलं हे कळल्यानं आज ते कोण वापरतंय हे कळत नाही. आज सोलच्या गंगनममधल्या दवाखान्यात गेलेली मुलगी बहुधा 'इन-लाइन' मागते. म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यात दडून बाहेरच्या बाजूला हळूच उघडणारी बुटकी घडी. युरोपीय डोळ्यासारखी उंच, खोल घडी तिला नकोच असते. जाड, फुगीर घडी पडली तर कोरियन पोरीच तिला 'सॉसेज' म्हणून हसतात. तिला कुणा परक्यासारखं दिसायचं नाही, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीसारखं दिसायचंय.

इथं नाकाचा इतिहास आठवतो, आणि त्याची सुरुवात थेट आपल्या पुण्यापाशी येते. इंग्रजी फौजेत बैल हाकायच्या कामावर असलेला कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. हे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आलं, ते वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये तसं नाक करून पाहिलं, आणि बर्लिनच्या फॉन ग्रेफनं ती विद्या पुढं नेली. पापणीच्या शस्त्रक्रियेला आज जगभर वापरतात तो 'ब्लेफरोप्लास्टी' हा शब्दही १८१८ मध्ये या ग्रेफचाच. कावसजीचं दुखणं काय होतं? कापलेलं नाक म्हणजे कपाळावर कोरलेली बेअब्रू, आणि त्याला लोकांच्या नजरेतून सुटायचं होतं. शतकभरानं, १८८७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात जॉन रो बसक्या नाकांवर शस्त्रक्रिया करत होता. तसलं नाक तेव्हा आयरिश स्थलांतरितांची खूण समजलं जाई. १८९८ मध्ये बर्लिनचा याकोब योझेफ, स्वतः ज्यू, मोठी नाकं लहान करू लागला. त्याचा पहिला रुग्ण म्हणत होता की मी जाईन तिथं लोक वळून बघतात. या सगळ्यांना राजबिंडं व्हायचं होतं का? त्यांना गर्दीत विरघळायचं होतं. योझेफच्या रुग्णांना 'तुम्ही आपल्या समाजाशी द्रोह करताय' असं सुनावणारे तेव्हाही असतील. पण त्या बर्लिनमध्ये पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. नाक ठेवलेल्यांचा दोष नव्हता, बदललेल्यांचाही नव्हता.

आता भाचीकडे वळते. तिचं वाक्य मला जास्त जवळचं, म्हणून तपासायलाही जास्त अवघड. प्रौढ बाईनं शुद्धीत, स्वतःच्या पैशानं काय करावं हे मी कोण सांगणार? तिला ते आवडलं, आरशात बघून बरं वाटलं, याला 'खोटी जाणीव' म्हणणं हा उद्धटपणा आहे. 'तू जे मागतेस ते तुला खरं तर नकोच आहे' हे वाक्य बायकांनी शतकानुशतकं बापाकडून, नवऱ्याकडून ऐकलंय. आता ते पुरोगामी तोंडातून ऐकवायचं काही कारण नाही.

तरीही 'मर्जी' हा शब्द किती ओझं उचलतो ते बघा. दक्षिण कोरियात नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची 'सुनुंग' परीक्षा होते. ती संपली की दवाखाने परीक्षार्थींसाठी सवलती जाहीर करतात, आणि कित्येक घरांत आईवडील पापण्यांची शस्त्रक्रिया भेट म्हणून देतात. आपल्याकडे बारावीनंतर स्कूटी, तसं. वर्षानुवर्षं तिथं नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची रीत. सरकारी क्षेत्रातल्या भरतीतून फोटो आणि तसले तपशील काढायला २०१७ उजाडलं. आणि यातला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील कराचा आहे. जुलै २०११ पासून कोरियन सरकारनं काही सौंदर्यशस्त्रक्रियांवर दहा टक्के मूल्यवर्धित कर लावला, आणि त्या यादीत पापण्यांची घडी होती. म्हणजे करखात्याच्या वहीत ही चैन आणि नोकरीच्या रांगेत ही गरज. एकाच मुलीनं दोन्हीकडे पैसे मोजायचे. अशा ठिकाणी 'तिची मर्जी' म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. पावसात छत्री घेणं हीसुद्धा मर्जीच असते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला खरंच छळतो. करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही म्हणता, पण प्रत्येक करणारी न करणारीचं जिणं थोडं अवघड करते, त्याचं काय? नाटकाला पहिली रांग उभी राहिली की मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागतं. शेवटी दिसतं पूर्वीइतकंच आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. वर्गातल्या पाचजणींनी घडी करून घेतली की सहावीची सपाट पापणी, जी काल नुसती पापणी होती, ती आज 'राहिलेलं काम' होते. हे मी मान्य करते. पण यावर उपाय म्हणून तिसऱ्या रांगेतल्या एकटीला 'तू बस' म्हणण्यानं काय होणार? तिला फक्त दिसायचं बंद होईल. २०१८ च्या सुमाराला कोरियातल्याच अनेक तरुणींनी 'कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) झुगारा' म्हणत मेकअपचा चुरा केला, केस बारीक कापले, फोटो टाकले. त्यांना ऐकावं लागलेल्या शिव्या बघितल्या की खाली बसण्याची किंमत किती असते ते कळतं. त्या शूर होत्या. पण शौर्य ही अट असू नये, म्हणूनच तर नियम लागतात. अर्जावरून फोटो कोणी हटवला? सरकारी भरतीत नियमानं. घराघरांतल्या मुलींना आत्मसन्मानावर व्याख्यानं देऊन तो निघाला नव्हता.

मोजदाद कुणाची होते तेही पाहण्यासारखं आहे. २००५ मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून पापण्या ओघळल्या म्हणून शस्त्रक्रिया करून आले आणि घडीदार डोळ्यांनी लोकांसमोर उभे राहिले. थोडी थट्टा झाली, वैद्यकीय कारण सांगितलं गेलं, विषय मिटला. कारण खरंही होतं. वयानं कातडी सैल होऊन पापणी डोळ्यावर उतरते, वरचं दिसणं कमी होतं, माणूस दिवसभर कपाळ ताणून भुवया वर धरतो. आपल्या आजूबाजूच्या कित्येक आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या रागाच्या नसून याच्याच असतात. याउलट २०१४ मध्ये नटी रेने झेलवेगर एका समारंभात जरा निराळी दिसली, तर जगभर तिच्या पापण्यांचा पंचनामा झाला. दोन वर्षांनी तिनं लिहिलं की हा कुणाचा प्रश्न नाही, पण मी डोळ्यांवर शस्त्रक्रिया केलेली नाही. न केलेल्या गोष्टीचाही खुलासा तिला द्यावा लागला. म्हातारी दिसली तर गाळायची, तरुण दिसली तर पकडायची, मग तिनं दिसायचं तरी कसं?

जगभरातल्या सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये २०२४ साली पापण्यांची शस्त्रक्रिया पहिल्या क्रमांकावर गेली. आंतरराष्ट्रीय प्लास्टिक सर्जन संघटनेच्या पाहणीत आकडा एकवीस लाखांच्या वर आहे. एवढा पसारा असताना चर्चा मनोविश्लेषणाची का चालते? घडी दोन्हीकडे सारखी पडली नाही तर काय, कातडी जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो, क्वचित डोळ्यामागं रक्तस्राव होऊन दृष्टीवर बेततं, चीर दिलेली घडी पुन्हा पुसणं फार कठीण असतं, हे 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंखाली कुणी छापतं का? त्या फोटोंतली 'आधी'ची मुलगी नेहमी बिनमेकअपची, उदास आणि मंद उजेडात का असते? हे प्रश्न विचारायला ना वसाहतवाद लागतो ना स्वातंत्र्याची व्याख्या.

या विषयावर मराठीत लिहिणारे इथवर आले की हमखास गोरेपणाच्या क्रीमचा दाखला देतात. तो मी देणार नाही. फार सोयीचा आहे; क्रीम लावणारं नेहमी कुणीतरी दुसरंच असतं. सपाट पापणीविषयीचा आपला स्वतःचा हिशेब आधी बघू. ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलामुलींना पुण्यामुंबईत 'चिंकी' म्हणून हाका मारणारे कोरियाचे सर्जन नव्हते. या शब्दापायी अॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई होऊ शकते, असं २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हल्ल्याच्या अफवांच्या भीतीनं पुण्याहून गाड्या भरभरून ही माणसं गावी परतली. गर्दीत त्यांना ओळखायचं कशावरून, हे ती अफवा कुणालाच समजावून सांगत बसली नव्हती. न सांगताच सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी त्याच डोळ्यांच्या नटांवर जीव टाकायचा आणि सकाळी मेसमध्ये त्यांच्यावरून हसायचं, हे एकाच घरात चालतं.

आणि आता चष्मा. 'नाकी-डोळी नीटस' या शब्दांत चष्मा कधीच बसला नाही. स्थळ सांगून आलं की रंग, उंची आणि तिसरा प्रश्न, "मुलीला चष्मा आहे का?" घारे डोळे असले तर ते आवर्जून लिहायचे, नंबर असला तर तो गाळायचा. लग्न ठरवायच्या आधी लेसर करून घेतलेल्या किती मुली प्रत्येकाच्या ओळखीत आहेत, मोजून बघा. चष्म्याविना दिसणं ही सोय आहेच, मी नाकारत नाही. पण ती सोय नेमकी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीच का आठवते, आणि मुलग्यांना का आठवत नाही? त्या मुलींना कुणी आत्मद्वेष्ट्या म्हटलं नाही. त्यांची मर्जी किती होती, हेही कुणी विचारलं नाही.

हे सगळं मी भाचीला थोडक्यात सांगितलं, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "मावशी, मग तू लेसर का केलंस?" मी म्हटलं, सोय. बहिणीनं लाटणं खाली ठेवलं, आतल्या खोलीत गेली आणि जुन्या अल्बममधून दोन हजार तीनचा फोटो काढून आणला. स्थळांना पाठवायला स्टुडिओत काढलेला, निळी पैठणी, दोन्ही हात मांडीवर. फोटोग्राफरनं चष्मा काढून ठेवायला सांगितला होता. नंबर उणे साडेपाच. फोटोतली मी छान हसतेय, आणि कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या वीतभर डावीकडे बघतेय.